'टॉमी' : एका रॉक ऑपेराचे पुनर्वाचन आणि मेहेरबाबांच्या विचाराचा संदर्भ

गोषवारा

'द हू' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा 'टॉमी' हा दोन ध्वनिमुद्रिकांचा संच मे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉक संगीताच्या इतिहासात त्याची नोंद 'रॉक ऑपेरा' या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणून होते. या संचाच्या वेष्टनावरील श्रेयनामावलीत 'अवतार' म्हणून मेहेरबाबांचे नाव छापलेले आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) आयुष्याचा मोठा काळ व्यतीत केलेल्या या मौनी सत्पुरुषाचा एका इंग्रजी रॉक रचनेशी नेमका कोणता संबंध आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. हा संबंध संगीताच्या बाह्य रूपात नसून कथानकाच्या रचनेत आहे, आणि गुरुभक्तीच्या गौरवापेक्षा गुरुत्वाच्या बाजारीकरणाची चिकित्सा त्यात अधिक प्रकर्षाने आढळते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : टॉमी, द हू, रॉक ऑपेरा, मेहेरबाबा, मौन, भारूड, गुरुसंस्था

१. प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा भारताशी जो संपर्क आला, त्याचा विचार आपल्याकडे बहुधा सतारीच्या अनुषंगाने होतो. १९६५ मध्ये बीटल्सच्या एका गीतात सतार वाजली, १९६७ मध्ये माँटेरे येथील महोत्सवात पंडित रविशंकर यांचे वादन झाले आणि १९६८ च्या आरंभी बीटल्स ऋषिकेशला आले. या घटना सर्वपरिचित आहेत. त्यांच्याविषयी बोलताना आपली भूमिका दोहोंपैकी एक असते. एक तर पाश्चात्त्यांनी आपले मोठेपण मान्य केले याचा आनंद आपण व्यक्त करतो, किंवा त्यांनी आपले वरवरचे उचलले अशी तक्रार करतो. दोन्ही भूमिकांमध्ये प्रत्यक्ष कलाकृती वाचण्याचे काम मात्र राहून जाते.

'टॉमी' ही या दोन्ही भूमिकांना अडचणीत आणणारी रचना आहे. तिच्यात सतार नाही, तबला नाही, संस्कृत शब्द नाही की भारताचे वर्णन नाही. वरवर पाहता ती एका इंग्रज मुलाची गोष्ट आहे. तरीही तिच्या निर्मात्याने वेष्टनावर महाराष्ट्रातील एका सत्पुरुषाचे नाव छापले. भारतीय प्रभाव म्हणजे भारतीय वाद्य, हे समीकरण येथे लागू पडत नाही. हा प्रभाव कोठे शोधावयाचा, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. निर्मितीची पार्श्वभूमी

पीट टाऊनशेंड (गिटार व गीतलेखन), रॉजर डाल्ट्री (गायन), जॉन एंटविसल (बेस गिटार) आणि कीथ मून (ड्रम) हे 'द हू'चे चार सदस्य. १९६५ मधील 'माय जनरेशन' या गीताने लंडनच्या या वाद्यवृंदाला ख्याती मिळाली. मंचावर गिटार आपटून फोडणारा, कर्णकर्कश वाजविणारा गट अशी त्यांची प्रतिमा होती. दीर्घ कथनाची ओढ मात्र टाऊनशेंड यांना आरंभापासून होती. १९६६ च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत सुमारे नऊ मिनिटांची, अनेक तुकड्यांची एक छोटी संगीतकथा होती. तिला ते विनोदाने 'मिनी ऑपेरा' म्हणत.

त्यांचे व्यवस्थापक व निर्माते किट लॅम्बर्ट हे कॉन्स्टंट लॅम्बर्ट या संगीतकाराचे पुत्र होते. अभिजात संगीताच्या घरात वाढलेल्या किट यांनी ऑपेराच्या कल्पनेला खतपाणी घातले. सप्टेंबर १९६८ ते मार्च १९६९ या काळात लंडनच्या आयबीसी स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. लॅम्बर्ट यांना वाद्यमेळाची साथ हवी होती, परंतु चौघांना मंचावर वाजविता येईल इतकेच ध्वनिमुद्रित करावे असा टाऊनशेंड यांचा आग्रह होता. त्यामुळे गिटार, पियानो, ऑर्गन, ड्रम आणि एंटविसल यांनी वाजविलेला फ्रेंच हॉर्न एवढ्याच सामग्रीवर ही रचना उभी राहिली.

दोन ध्वनिमुद्रिकांचा संच काढणे ही त्या काळी जोखीम होती. बॉब डिलन यांचा 'ब्लाँड ऑन ब्लाँड' (१९६६), जिमी हेंड्रिक्स यांचा 'इलेक्ट्रिक लेडीलँड' (१९६८) आणि बीटल्सचा पांढऱ्या वेष्टनाचा संच (१९६८) अशी उदाहरणे समोर होती. मात्र हे सारे स्वतंत्र गीतांचे संग्रह होते. सलग कथा सांगण्याचा प्रयत्न 'प्रिटी थिंग्ज' या गटाने डिसेंबर १९६८ मध्ये एका ध्वनिमुद्रिकेत केला होता. चार बाजू, २४ रचना आणि सुमारे ७५ मिनिटांचा अवधी एकाच कथेसाठी वापरण्याचे धाडस 'टॉमी'ने केले. ब्रिटनच्या विक्रीक्रमवारीत हा संच दुसऱ्या आणि अमेरिकेत चौथ्या स्थानापर्यंत पोहोचला.

३. कथानक आणि चार बाजूंची रचना

पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेला कॅप्टन वॉकर काही वर्षांनी घरी परततो. पत्नीबरोबर तिचा प्रियकर त्याला दिसतो व त्यातून खून घडतो. बालक टॉमीने हे आरशात पाहिले आहे. तू काही पाहिले नाहीस, ऐकले नाहीस, कोणाला काही सांगणार नाहीस, असे आईबाप त्याला बजावतात. या आघाताने टॉमीची दृष्टी, श्रवण व वाणी तिन्ही मिटतात. येथपर्यंतचा भाग आणि टॉमीच्या अंतर्यात्रेचा आरंभ पहिल्या बाजूवर आहे.

दुसऱ्या व तिसऱ्या बाजूंवर त्याचा छळ आणि त्याच्यावरील उपचार येतात. चुलतभाऊ त्याला यातना देतो, काका त्याचे लैंगिक शोषण करतो. मादक द्रव्य देणारी एक स्त्री त्याला बरे करू पाहते, तेही व्यर्थ ठरते. याच अवस्थेत तो पिनबॉलमध्ये निष्णात होतो. काचेखालील उतरत्या फळीवरून घरंगळणारी धातूची गोळी यंत्राच्या पट्ट्यांनी टोलवीत ठेवावयाची, असा हा नाणे टाकून खेळावयाचा खेळ. पाहता-ऐकता न येणारा मुलगा केवळ स्पर्शाच्या व कंपनांच्या आधारे त्यात सर्वांना हरवितो. पुढे त्याच्या इंद्रियांत दोष नसून अडसर मनात आहे असे डॉक्टरांना आढळते. तो फक्त आरशातील स्वतःकडे पाहतो. वैतागलेली आई आरसा फोडते आणि टॉमी मुक्त होतो.

चौथ्या बाजूवर मुक्त टॉमीभोवती अनुयायी जमतात, त्याचे शिबिर उभे राहते आणि अखेर तेच अनुयायी त्याच्याविरुद्ध बंड करतात.

संगीताच्या अंगाने पाहता, आरंभीच्या वाद्यरचनेत पुढे येणाऱ्या स्वरवाक्यांची ओळख करून दिली जाते. टॉमीची आर्त हाक असलेले स्वरवाक्य दुसऱ्या बाजूवर येते, तिसऱ्या बाजूवर डॉक्टरांच्या प्रसंगी पुन्हा येते आणि शेवटी संपूर्ण समूहाच्या मुखी जाते. ऐकणाऱ्याला कथेचा धागा शब्दांपेक्षा या पुनरावृत्तीमुळे सापडतो. मराठी श्रोत्याला येथे 'गीतरामायण' आठवणे स्वाभाविक आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ती ५६ गीतांची मालिका १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली. तिची कथा श्रोत्यांना आधीच ठाऊक होती, त्यामुळे प्रत्येक गीत भावावर केंद्रित होऊ शकले. 'टॉमी'ची कथा कोणालाच ठाऊक नव्हती. गीतांमध्ये निवेदन अपुरे आहे, काही दुवे निसटलेले आहेत, आणि ती जबाबदारी स्वरवाक्यांनी उचलली आहे. ही तिची उणीव आहे आणि बलस्थानही.

४. मेहेरबाबा : नगर ते लंडन

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात एका जरथुष्ट्री इराणी कुटुंबात झाला. डेक्कन कॉलेजात शिकत असताना पुण्याच्या लष्कर भागात निंबाच्या झाडाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान यांच्या संपर्कात ते आले. पुढे साकोरीच्या उपासनी महाराजांच्या सान्निध्यात ते राहिले. शिर्डीचे साईबाबा, केडगावचे नारायण महाराज व नागपूरचे ताजुद्दीन बाबा यांनाही ते आपल्या गुरूंत गणत. मुस्लिम, हिंदू व जरथुष्ट्री परंपरांचा असा संगम त्या काळच्या महाराष्ट्रात सहज घडू शकत होता, ही बाब मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे.

१९२३ मध्ये नगर-दौंड मार्गावरील अरणगावजवळ त्यांनी वास्तव्य केले व ते स्थान मेहेराबाद म्हणून ओळखले जाऊ लागले. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मौन स्वीकारले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते पाळले. १९५४ पर्यंत ते अक्षरफलकावर बोट ठेवून व त्यानंतर हातांच्या खुणांनी संवाद साधीत. 'गॉड स्पीक्स' (१९५५) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ याच पद्धतीने सिद्ध झाला. दगडापासून मनुष्यापर्यंतच्या रूपांतून आत्म्याचा होणारा प्रवास, त्या प्रवासात साचलेले संस्कार आणि ते गळून पडताना होणारी अंतर्मुख वाटचाल हा त्या ग्रंथाचा विषय आहे.

हा विचार टाऊनशेंड यांच्यापर्यंत १९६७ मध्ये चित्रकार माइक मॅकिनर्नी यांच्यामार्फत पोहोचला. मॅकिनर्नी हे मेहेरबाबांचे अनुयायी होते, आणि 'टॉमी'चे जाळीआडच्या निळ्या आकाशाचे वेष्टन त्यांनीच रेखाटले. त्याच वर्षी माँटेरेहून विमानाने परतताना घेतलेल्या मादक द्रव्याचा भयावह अनुभव टाऊनशेंड यांना आला होता. मादक द्रव्यांतून मिळणारा आध्यात्मिक अनुभव हा आभास असून तो शरीर, मन व साधना तिन्हींना घातक आहे, असे मेहेरबाबा त्या वर्षांत पाश्चात्त्य तरुणांना स्पष्टपणे कळवीत होते. त्या पिढीतील बहुतेकांनी भारताकडे द्रव्यांच्या धुंदीचे समर्थन म्हणून पाहिले, तर टाऊनशेंड यांना भारतातून त्याच्या विरुद्ध सल्ला मिळाला. 'टॉमी'तील मादक द्रव्यांचा उपचार निष्फळ ठरतो यामागे हा संदर्भ आहे.

टाऊनशेंड व मेहेरबाबा यांची प्रत्यक्ष भेट कधीही झाली नाही. ध्वनिमुद्रण चालू असतानाच बाबांचे निधन झाले. टाऊनशेंड यांची निष्ठा मात्र टिकली. १९७१ च्या 'बाबा ओरायली' या गीताच्या शीर्षकात मेहेरबाबा आणि अमेरिकी संगीतकार टेरी रायली ही दोन नावे एकत्र आली. १९७२ च्या आपल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत त्यांनी बाबांच्या परवरदिगार प्रार्थनेला चाल दिली.

५. मौन, आरसा आणि खेळ

टॉमी म्हणजे मेहेरबाबा, असे सुटसुटीत समीकरण मांडण्याचा मोह होतो. ते टिकत नाही. मेहेरबाबांचे मौन स्वेच्छेचे होते आणि संवादाने भरलेले होते. टॉमीचे मौन लादलेले आहे आणि त्याच्या मुळाशी आईबापांनी दडपलेला गुन्हा आहे. टाऊनशेंड यांनी १९६८ मध्ये 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाच्या मुलाखतीत ही कल्पना सविस्तर उलगडली होती. मुलगा बाहेरच्या जगाला फक्त कंपनांच्या रूपाने अनुभवतो. स्पर्श असो वा मार, त्याला त्याचा अर्थ कळत नाही, त्याला ते संगीत वाटते.

या कल्पनेत टॉमी आपणा सर्वांचा प्रतिनिधी ठरतो. सत्याच्या दृष्टीने सामान्य मनुष्य पाहत नाही, ऐकत नाही, बोलत नाही. जे तो अनुभवतो ते स्वप्न असते, ही मेहेरबाबांच्या विचारातील भूमिका येथे कथारूप घेते. आरसा हे या स्वप्नाचे प्रतीक आहे. टॉमीला दिसते ते फक्त स्वतःचे प्रतिबिंब. प्रतिबिंब नष्ट झाल्याशिवाय दृष्टी येत नाही, आणि ते तो स्वतः फोडू शकत नाही.

पिनबॉलचा प्रवेश योगायोगाने झाला. समीक्षक निक कोन यांना आरंभीचे ध्वनिमुद्रण फार गंभीर वाटले. कोन यांना पिनबॉलचे वेड होते, म्हणून टाऊनशेंड यांनी तो खेळ कथेत घातला. मार्च १९६९ मध्ये स्वतंत्रपणे निघालेले हे गीत ब्रिटनमध्ये चौथ्या स्थानी गेले. अध्यात्माच्या कथेत नाण्यावर चालणारे यंत्र आणणे ही तडजोड वाटेल. परंतु आपल्या संतांनीही फुगडी, हमामा, चेंडू असे खेळ अध्यात्माच्या विवेचनासाठी वापरले आहेत. लोकांच्या हाती असलेल्या वस्तूंतून गूढ सांगण्याची ही रीत त्यामुळे मराठी वाचकाला परकी वाटू नये.

६. एकनाथांच्या भारुडांच्या प्रकाशात

मराठी अभ्यासकाला 'टॉमी'कडे पाहण्यासाठी एक स्वदेशी चौकट उपलब्ध आहे. संत एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा अशी पात्रे येतात व आपल्या वैगुण्याचे कारण स्वतःच सांगतात. हरिकीर्तन न ऐकल्यामुळे बहिरेपण आले. विद्येच्या गर्वाने संतांची निंदा केली म्हणून मुकेपण आले. इंद्रिये असून योग्य विषयाकडे न वळल्यामुळे ती निकामी झाली, असा या भारुडांचा आशय आहे. सोळाव्या शतकातील पैठण आणि विसाव्या शतकातील लंडन यांत कोणताही थेट संबंध येथे अभिप्रेत नाही. एकाच रूपकाचे दोन वेगळे उपयोग ताडून पाहावेत, एवढाच हेतू आहे.

फरक दोन ठिकाणी आहे. भारुडातील पात्र आपल्या अवस्थेची जबाबदारी स्वतःवर घेते, तर टॉमीच्या अवस्थेस मोठी माणसे जबाबदार आहेत. टाऊनशेंड यांनी पुढे आपल्या बालपणीच्या आघातांचा व युद्धोत्तर ब्रिटिश कुटुंबांतील दडपणुकीचा संबंध या रचनेशी जोडला. २०१२ च्या आत्मचरित्रातही त्यांनी या अनुभवांविषयी लिहिले आहे. दुसरा फरक उपायाचा आहे. भारुडात सद्गुरूच्या कृपेने मार्ग सापडतो. 'टॉमी'त मुक्ती मिळते ती आईच्या संतापातून, आणि खरी कसोटी मुक्तीनंतर सुरू होते.

७. शिबिर : मुक्तीचा व्यापार

रचनेचा गाभा चौथ्या बाजूवर आहे. वृत्तपत्रे टॉमीच्या बरे होण्याची बातमी छापतात. सॅली सिम्पसन नावाची मुलगी त्याला स्पर्श करण्यासाठी मंचावर झेपावते आणि जखमी होते. टॉमी सर्वांना आपल्या घरी बोलावतो, घर अपुरे पडते, मग सुट्टीच्या शिबिरासारखे केंद्र उभे राहते. ब्रिटनमध्ये त्या काळी कामगार व मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी अशी स्वस्त पर्यटनशिबिरे लोकप्रिय होती. ही कल्पना कीथ मून यांनी सुचविली आणि त्या छोट्या गीताचे श्रेय त्यांना दिले गेले. शिबिराचा कारभार ज्याच्या हाती जातो तो टॉमीचे शोषण करणारा काकाच असतो, ही बाब लक्षणीय आहे.

शिबिरात अनुयायांना कानांत बोळे, डोळ्यांवर पट्टी आणि तोंडात बूच घालून पिनबॉल खेळण्यास सांगितले जाते. गुरूच्या आयुष्यात जे आघाताने घडले, त्याचीच येथे साधना बनविली जाते. टॉमीचे अंधत्व हा त्याच्या ज्ञानाचा मार्ग नव्हता, ती त्याची जखम होती. अनुयायी जखमेचे अनुकरण करतात आणि ज्ञान दूरच राहते. अखेर ते हे नाकारतात व निघून जातात.

संतांच्या वेषाचे सोंग घेणाऱ्यांवर तुकोबांनी ओढलेले कोरडे मराठी वाचकाला ठाऊक आहेत. 'टॉमी'ची चिकित्सा त्याहून थोडी वेगळ्या दिशेची आहे. येथे गुरू ढोंगी नाही. त्याचा अनुभव खरा आहे. खरा अनुभवही संस्थेच्या, वेळापत्रकाच्या आणि विक्रीच्या साच्यात घालताच खोटा होतो, असे ही रचना सुचविते. एका गुरूला मानणाऱ्या कलावंताने हे लिहावे, यात वरकरणी विसंगती आहे. मात्र आपण शिकविण्यासाठी नव्हे तर जागे करण्यासाठी आलो आहोत, ही मेहेरबाबांची भूमिका लक्षात घेतली, तर ही चिकित्सा त्यांच्या विचाराच्या विरोधात जात नाही. त्याच वेळी त्यांनी १९५४ मध्ये स्वतःला अवतार म्हणून जाहीर केले आणि १९५९ मध्ये त्यांच्या नावाचा न्यासही स्थापन झाला, हेही विसरता येत नाही. अनुभव आणि संस्था यांतील ताण कोणत्याही परंपरेला चुकत नाही. टाऊनशेंड यांनीही १९७६ मध्ये लंडनजवळ मेहेरबाबांच्या नावाने केंद्र उभारले.

शेवटचे समूहगान कोणाच्या मुखी आहे, हे रचना स्पष्ट करीत नाही. एकाकी पडलेला टॉमी ईश्वराला आळवितो की सोडून गेलेला समूह पुन्हा त्याच्याकडे वळतो, असे दोन्ही अर्थ संभवतात. १७ ऑगस्ट १९६९ रोजी वुडस्टॉक महोत्सवात हा भाग वाजत असताना सूर्योदय झाला आणि तो क्षण त्या पिढीच्या स्मृतीत कोरला गेला. ज्या समूहभक्तीविषयी ही रचना सावध करते, तिच्याच हाती तो क्षण लागला.

८. मर्यादा

'टॉमी'तील स्त्रीपात्रे ठोकळेबाज आहेत. लैंगिक शोषणाचा प्रसंग ज्या हलक्या चालीत येतो, तो आज अधिक अस्वस्थ करतो. टाऊनशेंड यांना तो लिहिणे जड जात होते, म्हणून छळाची ती दोन गीते एंटविसल यांनी लिहिली. सर्वांत गंभीर प्रश्न रूपकाचा आहे. अंध व मूकबधिर व्यक्तींची अवस्था आध्यात्मिक अज्ञानाचे चिन्ह म्हणून वापरणे, हे भारुडात असो वा रॉक ऑपेरात, आजच्या वाचकाने विचारपूर्वक तपासले पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतरच्या काळात वर्गात ही रचना शिकविताना हा प्रश्न टाळता येणार नाही. जुन्या कलाकृती बाजूस सारण्यापेक्षा त्यांतील रूपकाची किंमत कोण मोजतो, असे विद्यार्थ्यांना विचारणे अधिक उचित ठरेल.

९. समारोप

'टॉमी' पुढे १९७५ मध्ये केन रसेल यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपटरूपात आणि १९९३ मध्ये ब्रॉडवेच्या रंगभूमीवर आली. प्रत्येक रूपांतरात कथा अधिक सुस्पष्ट होत गेली. मूळ संचातील संदिग्धता, म्हणजे ऐकणाऱ्याने स्वतः भरावयाच्या जागा, मात्र कमी झाल्या. म्हणून मूळ चार बाजू सलग ऐकण्याला आजही पर्याय नाही.

या विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, भारतीय प्रभावाचा शोध वाद्ये व शब्द यांपुरता मर्यादित ठेवल्यास 'टॉमी'सारखी रचना नजरेतून सुटते. दुसरी, या प्रभावाचा उगम महाराष्ट्रातील बहुधर्मीय संतपरंपरेत आहे, तरीही संगीत, साहित्य व धर्म यांच्या मराठी अभ्यासकांनी त्याकडे अधिक लक्ष देणे आवश्यक आहे. तिसरी, टाऊनशेंड यांनी भारताकडून जे घेतले ते गुरूविषयीचा आदर आणि गुरूच्या बाजाराविषयीचा संशय असे दोन्ही एकत्र घेतले. आपल्या संतसाहित्यातही ही दोन सूत्रे एकत्रच नांदतात. अध्यात्माचा व्यापार आपल्या आसपास वाढत असताना यांतील दुसऱ्या सूत्राचे स्मरण अधिक निकडीचे आहे.